सासूबाई पूर्ण दिसतील असा कॅमेरा

निशिकांत देवस्थळी आणि त्याच्या सासूबाई यांची पहिली भेट झाली, तेव्हा निशिकांत एका रेनकोटशी बोलत होता.

हा प्रसंग आगट्यांच्या घरात गेली पंचवीसएक वर्षं सांगितला जातो आणि दर वेळी रेनकोटची भूमिका थोडी वाढते. मूळ हकिकत अशी. मुलगी बघायला म्हणून निशिकांत कर्वेनगरात आगट्यांकडे गेला. तीन जिने चढल्यावर घामाने चष्मा नाकाच्या शेंड्याशी आला, म्हणून त्याने तो काढून पुसायला घेतला. आता निशिकांतच्या चष्म्याचा नंबर उणे नऊ. चष्मा उतरला की या माणसापुरतं जग पाण्यात कालवलं जातं. त्या कालवलेल्या जगात त्याला दाराशेजारी एक उंच, करडे, खांदे जरा पाडून उभे असलेले गृहस्थ दिसले. हेच मुलीचे वडील, असं ठरवून त्याने सुरुवात केली. सिंगापूरची नोकरी, तिथली हवा, शाकाहारी जेवणाची सोय, स्वतःचा सायनस आणि फोटोग्राफीची आवड, सगळं सांगून टाकलं. गृहस्थ अधूनमधून मान डोलावत होते, कारण पंखा चालू होता. असा समजूतदार सासरा मिळायला भाग्य लागतं, असं निशिकांतच्या मनात येतंय तोच मागून पाण्याचं भांडं घेऊन मुलीच्या आई, मधुवंतीबाई आल्या. मुलाखत रंगात आली होती. त्यांनी ती मोडली नाही. दारात उभं राहून सगळी ऐकली आणि संध्याकाळी नवऱ्याला निकाल सांगितला.

"मुलगा चांगला आहे. रेनकोटला अहोजाहो करतो, म्हणजे माणसांशी नीटच वागेल."

अशा रीतीने अनघा आगटे अनघा देवस्थळी होऊन सिंगापूरला आली. जुरोंग ईस्टला फ्लॅट झाला, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना झाला, मुलगी जाई झाली. निशिकांत बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात बसतो. जगात काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो, त्यामुळे घरी आल्यावरही तो विचार त्याला थांबवता येत नाही. छत्री, तिची पर्यायी छत्री आणि त्या दोन्ही विसरल्या तर दप्तरात ठेवलेला प्लास्टिकचा कोट, असा सरंजाम घेऊन तो एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, चढतो. माणूस मात्र लोण्याचा. शेजारच्या चिनी आजीबाईंचा बल्ब उडाला तर हा आधी स्वतःच्या घरातला काढून देतो आणि मग नवा आणायला जातो.

त्याला एकच व्यसन होतं, रोलच्या कॅमेऱ्याचं. आणि त्या व्यसनात त्याला यश म्हणून नव्हतं.

चष्मेवाल्याचं दुःख चष्मेवालाच जाणे. कॅमेऱ्यामागे डोळा लावायची जी खिडकी असते, व्ह्यूफाइंडर, ती करणाऱ्याने डोळा थेट खिडकीला टेकणार असं धरून चाललेलं असतं. मध्ये चष्मा आला की डोळा लांब राहतो आणि चौकटीचे काठ दिसेनासे होतात. किल्लीच्या भोकातून लग्न बघावं तसं मधलं तेवढं दिसतं. निशिकांत प्रामाणिक. जेवढं दिसतं तेवढ्यात तो माणूस बसवायचा. फोटो मात्र अख्ख्या चौकटीचा निघायचा. रोल धुऊन आला की मधोमध वाटाण्याएवढा माणूस आणि भोवती उरलेलं सगळं विश्व. जाईच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत ठळक काय आलं आहे, तर लिफ्टशेजारचं आग विझवायचं नळकांडं. मधुवंतीबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला हा खास सिंगापूरहून कॅमेरा घेऊन गेला. त्या समारंभाचे फोटो बघणाऱ्याला वाटावं, की सत्कार कार्यालयातल्या वॉटर कूलरचा आहे आणि त्याला ओवाळायला लांबवर काही मंडळी जमली आहेत.

"निशिकांतरावांनी माझा फोटो काढला," मधुवंतीबाई म्हणायच्या, "की मी कुठे आहे ते मलाच विचारून घ्यावं लागतं."

तिथल्या महाराष्ट्र मंडळातला शिरीष पुंगोलला राहतो. त्याचे फोटो दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापून येतात. त्याने सल्ला दिला, "अरे, चष्मा काढून बघ ना."

शिरीषला चष्मा नाही. ज्याला दात आहेत त्याने कवळीवाल्याला ऊस खायला सुचवावं, तसला हा सल्ला. तरी निशिकांतने तो पाळला. बोटॅनिक गार्डनमध्ये चष्मा काढून अनघाचे म्हणून त्याने भराभर फोटो काढले. त्यातली बाई अनघा नव्हती. नवऱ्याबरोबर उभी असलेली ती एक कोरियन पर्यटक होती आणि पुढचा अर्धा तास अनघा त्या नवऱ्याची समजूत घालत होती.

तर असं चाललं होतं. आणि गेल्या वर्षी मधुवंतीबाई आल्या.

दर दोन वर्षांनी त्या यायच्या. त्या वेळी चांगी विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केलं, "ही माझी शेवटची खेप. विमानातल्या त्या संडासाचं दार पुन्हा उघडायची शक्ती माझ्यात नाही." नंतर एका रविवारी उपमा खाता खाता, मीठ मागावं तशा सुरात त्या म्हणाल्या, "निशिकांतराव, जायच्या आधी माझा एक हाराचा फोटो काढून द्या."

अनघाच्या हातातला चमचा थांबला. "आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच कशाला? लागतो तो. तुझ्या वडिलांच्या वेळी काय झालं? ऐन वेळी मिळेना, म्हणून कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं. भिंतीवर त्यांच्या खांद्यावर हात आहे तो कुणाचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. रोज हार घालते. त्या हातालाही घातला जातो."

जाईने टेबलावरचा फोन उचलला आणि तिथल्या सवयीने वाक्याला 'लाह' जोडत ती म्हणाली, "आजी, मी आत्ता काढते लाह. पोर्ट्रेट मोड. टू सेकंड्स ओन्ली."

"तुझा नको. तू दिवसाला शंभर काढतेस, त्यात भेळपुरी पण असते. रोल घातला की माणूस आधी नीट बघतो. मला निशिकांतरावांच्या हातचा हवा." मग जरा थांबून, "फक्त मी त्यात दिसले पाहिजे."

निशिकांतने उपम्याची बशी खाली ठेवली. ज्या बाईने रेनकोट बघूनही मुलगी दिली, तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. ते नेमकं त्याला जमत नव्हतं तेच होतं. आणि चूक सुधारायला पुढची खेप नव्हती.

त्या आठवड्यात बँकेच्या जोखमी वाऱ्यावर पडल्या. निशिकांतने व्ह्यूफाइंडर या विषयाचा असा अभ्यास मांडला, की नोव्हेनाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेहमीच्या तपासणीला गेला असताना त्यानेच डॉक्टरला वीस मिनिटं शिकवलं. डॉक्टरने ऐकून घेतलं आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा दिला. वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला. म्हणजे आता कॅमेऱ्याला डोळा लावायचा, तर चष्म्याचा कुठला मजला लावायचा हाही प्रश्न आला.

शनिवारी सासू-जावई एमआरटीने सिटी हॉलला गेले. तिथल्या एका इमारतीत जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. दुकानदार मिस्टर को यांनी "आंटी सिट, सिट" म्हणून मधुवंतीबाईंना काउंटरसमोर स्टूल दिलं. त्या पर्स मांडीवर धरून ताठ बसल्या. निशिकांतने पहिला कॅमेरा डोळ्याला लावला.

"दिसते का मी?"

"दिसता. पण डोकं नाही."

"अगोबाई. कायमचं?"

"नाही नाही, मी जरा हललो की डोकं दिसतं. मग हनुवटी जाते."

"म्हणजे मी हप्त्याहप्त्याने दिसते."

मिस्टर को यांनी खिडकीवर बसवायची एक छोटी गोल काच काढली. चष्म्याचा नंबरच खिडकीला द्यायचा, म्हणजे चष्मा लागत नाही. कल्पना झकास. पण त्यांच्याकडची सगळ्यात जोरकस काच निशिकांतच्या नंबराच्या निम्म्यावर थकली. शिवाय त्यासाठी चष्मा काढावा लागला आणि चष्मा काढून कॅमेरा वळवल्यावर निशिकांतने बराच वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेला "आई, जरा इकडे बघा" म्हणून विनंती केली.

"मी इकडे आहे," मधुवंतीबाई म्हणाल्या. "ती बाई तरुण आहे आणि पोहायच्या कपड्यांत आहे."

मग मिस्टर को यांनी कपाटातून एक जडशीळ कॅमेरा आणला. "स्पेक्स आह? दिस वन कॅन." म्हणजे, चष्मा आहे ना, मग हा चालेल. याची खिडकी चांगली ऐसपैस होती. डोळा बोटभर लांब असला तरी चारही काठ दिसावेत, अशी खास चष्मेवाल्यांसाठी केलेली. निशिकांतने डोळा लावला. चौकट होती. तिला चार कोपरे होते! आयुष्यात पहिल्यांदा त्याने चौथा कोपरा बघितला.

"आई, पूर्ण दिसताय!"

"मग घेऊन टाका आणि चला. मला कॉफी हवी आहे."

निशिकांत डोळा हलवेना. "पण फार बारीक दिसताय. त्यांनी सगळं मावावं म्हणून चित्रच लहान केलंय. त्यात माझ्या भिंगाने आणखी लहान होतंय. चेहरा स्पष्ट झाला की नाही तेच कळत नाही. म्हणजे तुम्ही आहात, पण... पुण्यात असल्यासारख्या आहात."

"पुण्यातच असायची आहे मी. सवय करा."

त्या हे हसतच म्हणाल्या. निशिकांत हसला नाही. तो कॅमेरा त्याने काउंटरवर ठेवला आणि उगाचच चष्मा पुसत बसला. मिस्टर को यांना मराठी येत नव्हतं, पण गिऱ्हाइकाचं तोंड पडलं की दुकानदाराला कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी काउंटरखालून एक चौकोनी डबा काढला. समोर एकावर एक दोन भिंगं आणि वर झाकण. झाकण उघडलं की आत दुधी काच, आणि त्या काचेवर चित्र. या कॅमेऱ्याला डोळा लावायचाच नसतो. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून बघायचं, विहिरीत बघावं तसं.

निशिकांतने मान खाली घातली. खाली बघितलं की प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा मजला आपोआप लागतो, तोच तो वाचायचा. त्या दुधी काचेवर, पुस्तकाच्या पानावर असाव्यात तशा, मधुवंतीबाई बसल्या होत्या. पूर्ण. पर्ससकट. कपाळावरच्या कुंकवासारख्या टिकलीपासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत.

"आई," तो हळूच म्हणाला, "हललात तर याद राखा."

"आता काय झालं?"

"सगळ्या दिसताय. मोठ्या दिसताय. फक्त थोडं उजवीकडे सरका. अहो उजवीकडे!"

"उजवीकडेच सरकले. तुमचा जेवायचा हात आहे त्या बाजूला."

"काचेवर डावीकडे गेलात."

"मग काचेला सांगा."

या डब्यात डावं-उजवं उलटं दिसतं, हे कळेपर्यंत मधुवंतीबाई स्टुलासकट दुकानाच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. मिस्टर को यांनी धावत जाऊन त्यांना परत आणलं. डबा घेतला गेला. इमारतीच्या तळमजल्यावर सासूबाईंनी कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायली आणि तिच्यात चहा-कॉफीचं भांडण लावून दिल्याची चव आहे, असं मत दिलं.

फोटोचा दिवस ठरला तो त्यांच्या निघण्याच्या आधीचा रविवार. सकाळी फ्लॅटच्या खिडकीतून चांगला मऊ उजेड येतो. मधुवंतीबाईंनी पुण्याहून खास त्यासाठी आणलेली जांभळ्या काठांची सुती साडी नेसली. अनघा म्हणाली, "मी थांबत नाही बाई," आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसू लागली. सासूबाई खुर्चीत. समोर निशिकांत बुटक्या चौरंगावर, कारण उभ्याने पोटाशी धरलेला डबा हलत होता. पोटाशी डबा, मान खाली.

आणि मधुवंतीबाईंनी हाराचा चेहरा केला.

हा चेहरा सगळ्यांना माहीत आहे. ओठ मिटलेले, नजर भविष्यकाळात, आणि एकूण भाव विजेचं बिल तपासत असल्याचा. ज्या बाईच्या तोंडातले शब्द कधी कुणी संपलेले बघितले नाहीत, ती अशी गप्प, समईसारखी ताठ. निशिकांतने एक काढला. दुसरा काढला. "आई, जरा सैल बसा." त्या सैल बसायचा प्रयत्न करू लागल्या आणि आणखी ताठ झाल्या.

"हाराखाली खिदळत नाहीत, निशिकांतराव. मला ठाऊक आहे कसं असतं ते. तुम्ही काढा."

तो चेहरा स्पष्ट व्हावा म्हणून निशिकांतने बाजूची चकती हळूहळू फिरवली. काचेवर सुरकुत्या एकेक करून जाग्या झाल्या. हनुवटी अनघाची निघाली. डावी भुवई जरा वर, ती जाईची. नाकाच्या बाजूला एक बारीक तीळ होता. इतक्या वर्षांत त्याने तो कधी बघितला नव्हता, कारण त्याच्या फोटोंत त्या कायम वाटाण्याएवढ्या होत्या. आता तळहाताएवढ्या काचेवर त्या सगळ्याच्या सगळ्या होत्या. आणि नेमकं तेव्हाच त्याला नीट कळलं, की हे आपण कशासाठी बघतोय. आत्ता त्या इथे आहेत. हा फोटो त्या नसतील तेव्हासाठी आहे.

बटण दाबायचं बोट जागेवर होतं, पण दाबेना. चष्म्याच्या खालच्या मजल्यावर धुकं आलं. चष्मा काढावा तर मान वर करावी लागणार आणि मान वर केली तर त्यांना दिसणार. म्हणून जोखीम खात्याच्या त्या थोर अधिकाऱ्याने मान आणखीच खाली घातली आणि तो तसाच बसून राहिला.

मधुवंतीबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. समोर जावयाचा मागचा विरळ भांग, वाकलेली मान, हात पोटाशी जुळलेले. त्यांच्या पिढीला अशा मानेचा एकच अर्थ माहीत. हाराचा चेहरा विरघळला.

"अहो, हे काय, आत्ताच कशाला?" त्या खुर्चीतून पुढे झुकल्या. "मी कुठे आज निघालेय? शनिवारी करा नमस्कार!" पण वाकलेलं डोकं समोर आलं की पुण्याच्या बाईचा हात तिला विचारून उठत नाही. तो उठला आणि निशिकांतच्या डोक्यावर टेकला. "औक्षवंत व्हा. सुखात राहा. आणि जरा खात जा, किती वाळलात." मग ही एवढी मोठी तब्येत वाळली असं आपण म्हटलं, हे लक्षात येऊन त्यांना हसू फुटलं. स्वयंपाकघरातली अनघा दारात आली, इतकं मोठं हसू.

डोक्यावर हात आणि त्यात एवढं मोठं हसू, त्याने निशिकांत दचकला आणि बटण दाबलं गेलं.

"काय झालं?" अनघाने विचारलं.

"निशिकांतरावांनी नमस्कार केला," मधुवंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "न सांगता."

नमस्कार नव्हता, हे निशिकांतने त्यांना सांगितलं नाही. त्याने चौरंग बाजूला सारला आणि खरोखर वाकून पायांना हात लावला. त्या म्हणाल्या, "पुरे आता, सवय लागेल." मग राहिलेल्या रोलमध्ये त्यांनी पुन्हा हाराचा चेहरा केला आणि रोल संपेपर्यंत तो त्याने निमूटपणे काढला.

शनिवारी त्या गेल्या. रोल धुऊन आला तो नंतर.

हाराचे सगळे फोटो अचूक होते. प्रत्येकात मधुवंतीबाई पूर्ण होत्या, चारही काठांच्या आत, भोवती ना नळकांडं ना वॉटर कूलर. आणि त्यातला एकही बघवत नव्हता. तो दचकून निघालेला फोटो मात्र जरा हललेला होता. पुढे झुकल्याने चेहरा किंचित पुसट आणि चौकटीभर मोठा. एक हात वरच्या काठातून बाहेर गेलेला, तोंड उघडं, एक सुळा नाही हे स्पष्ट. जाईने तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग म्हणाली, "बाबा, आजी इज लाइक, राइट हिअर."

अनघाने त्याची मोठी प्रत काढून जुरोंग ईस्टच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर लावली. दुसरी पुण्याला पाठवली. मधुवंतीबाईंचा फोन आला. "ही मी आहे होय? बरी आहे की. आता मला शोधावं लागत नाही." मग आवाज खाली आणून, "हाच लावा म्हणून मी प्रबोधला सांगून ठेवते."

त्यांनी सांगितलंही. अनघाच्या त्या थोरल्या भावाने हो म्हटलं.

यंदा फाल्गुनात मधुवंतीबाई गेल्या. निशिकांत आणि अनघा पोचले तेव्हा भिंतीवर फोटो लागलेला होता. हाराच्या फोटोत दात दिसलेले बरं नाही, असं प्रबोधचं म्हणणं पडलं. जो लावला आहे तो आधार कार्डावरचा आहे, मोठा करून घेतलेला.